पन्नाशीनंतर नोकरी गेली तर...

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभागृहात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघात आलेले काही शब्द तसेच ठेवले आहेत.)



सेक्रेटरी साहेबांनी मला सांगितलं, "काका, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा." आठवणी सगळेच सांगणार आहेत. पाण्याचा टँकर, लिफ्टचं उद्घाटन, पहिला गणपती, सगळं येईलच. मी आज जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहे. पन्नाशीच्या आसपास नोकरी गेली तर माणसाने काय करावं? रौप्यमहोत्सवात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. शेवटी कळेल कशाला ते.

सोसायटीचा आणि माझा या विषयाशी संबंध पहिल्या दिवसापासूनचा आहे. मार्च २००१ मध्ये मी बँकेतून व्हीआरएस घेतली. त्या वर्षी सरकारी बँकांमधून सुमारे एक लाख माणसं अशी बाहेर पडली. पंधरा वर्षं नोकरी किंवा चाळीस वर्षं वय झालेल्यांना ती योजना होती. नावात 'स्वेच्छा' होती, पण लांबच्या बदलीची ऑर्डर समोर ठेवली की स्वेच्छा आपोआप उत्पन्न होते! माझं वय तेव्हा पन्नास. मिळालेल्या पैशातला मोठा हिस्सा या फ्लॅटमध्ये घातला. उरलेल्यापैकी बराचसा, जादा व्याजाच्या मोहाने, एका पतसंस्थेत ठेवला. ती पुढे बुडाली. सत्तावीस वर्षं लोकांना ठेवींबद्दल सल्ला देणारा अधिकारी स्वतः असा फसला. हसा, मीही आता हसतो. तेव्हा सहा महिने झोप नव्हती.

त्याच्याही आधीची एक आठवण. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी लालबागच्या शाखेत क्लार्क होतो. काउंटरवर गिरणी कामगारांची पासबुकं यायची. आधी शंभर काढायचे, मग पन्नास, मग वीस, मग माणूसच यायचा बंद व्हायचा. पुढे त्यांतला एक वॉचमनच्या वेषात भेटला, एक भाजीच्या गाडीवर. पासबुकातून माणसाचं घर दिसतं, हे मी तिथे शिकलो. आणि तरीसुद्धा, चाळीस वर्षांनी, मी चुकलो.

तीन वर्षांपूर्वी मी सोसायटीचा खजिनदार होतो. आपले एक सभासद, नाव घेत नाही, पण त्यांच्या परवानगीनेच बोलतोय. मेंटेनन्सचा त्यांचा चेक दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत यायचा. वीस-बावीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. तो तीन महिने आला नाही. मी काय केलं? नियमाप्रमाणे नोटीस पाठवली. तेव्हाच्या उपविधीप्रमाणे थकबाकीवर सालीना २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येत होतं, ते लावून. पत्रात एकही चूक नव्हती.

आमच्या घरी तो कागद टेबलावर पडला होता. हिने वाचला आणि म्हणाली, "अहो, त्यांच्याकडे धुण्याभांड्याची बाई बंद केलीय दोन महिन्यांपूर्वी. मुलाचा क्लासही बंद आहे. तुम्ही एकदा वर जाऊन विचारलंत का?"

नव्हतं विचारलं.

संध्याकाळी गेलो. त्याने दार उघडलं, नोटीस त्याच्या हातातच होती. म्हणाला, "काका, भरतो. पुढच्या महिन्यात सगळं भरतो." मी म्हटलं, "अरे, मी पैशासाठी नाही आलो." त्यावर तो काही बोलला नाही. वहिनींनी चहा केला. मग हळूहळू बाहेर आलं. औषध कंपनीत क्वालिटी विभागात पंचवीस वर्षं. कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली, विभाग एकत्र झाले, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी हा घरी. गावी आईवडिलांना सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांना सांगायचं वर्क फ्रॉम होम. दीडशे ठिकाणी अर्ज, तीन मुलाखती, आणि तिन्हीकडे मुलाखत घेणारा याच्या निम्म्या वयाचा.

त्या रात्री आम्ही कागद घेऊन बसलो. तेव्हापासून आपल्या आणि शेजारच्या सोसायट्यांतल्या पाच-सहा जणांबरोबर मी असा बसलोय. त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, घरात सांगा. बायकोला, आणि मुलं कळती असतील तर त्यांनाही. लपवलेली बेकारी दुप्पट महाग पडते, कारण खर्च जुन्या पगाराचाच चालू राहतो.

दुसरी गोष्ट, हक्काचा पैसा मोजा. पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटी मिळते. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि त्यासाठी महिना सव्वीस दिवसांचा धरतात. शिल्लक रजेचे पैसे विचारून घ्या. पीएफ काढता येतो म्हणून सगळा काढू नका. पेन्शन योजनेत दहा वर्षं पूर्ण असतील तर ५८ व्या वर्षी पेन्शन मिळते. ५० नंतर लवकरही घेता येते, पण जितकी वर्षं आधी घ्याल तितकी दरवर्षी सुमारे चार टक्क्यांनी कमी होते, आणि ती कपात जन्मभर राहते. शक्य असेल तर थांबा. वय ५५ ते ६० मध्ये असेल आणि रिटायरमेंट किंवा व्हीआरएसचे पैसे आले असतील, तर सिनिअर सिटिझन्स सेव्हिंग्ज स्कीममध्ये साठीच्या आधीही ठेवता येतात. मात्र पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. ही मुदत बरेच जण घालवतात.

तिसरी गोष्ट, मेडिक्लेम. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. तो संपायच्या आत त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागा. बीपी-शुगरवाल्यांनी तर हे पहिल्या आठवड्यात करावं, नाहीतर जुन्या आजारांसाठी पुन्हा तीन-तीन वर्षं थांबायची वेळ येते.

चौथी गोष्ट, गणित. समजा चाळीस लाख मिळाले. चाळीस लाख म्हणजे आयुष्यभराची सोय, असं वाटतं. सात टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज होतं दोन लाख ऐंशी हजार, म्हणजे महिन्याला साधारण तेवीस हजार. यात घर चालतं का, ते तुम्हीच ठरवा. म्हणून पहिलं वर्षभर या पैशातून हॉटेल, फ्रँचायझी, मेहुण्याचा धंदा यांत एक रुपयाही घालायचा नाही. धंदा वाईट म्हणून नाही. नोकरी गेल्यावर पहिल्या वर्षात माणूस निर्णय घेत नाही, उत्तर देत असतो. ऑफिसला, नातेवाइकांना, "मी संपलो नाही" असं दाखवत असतो. माझी पतसंस्था त्यातलीच. आणि नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो, हेही लक्षात ठेवा.

आता मार्ग. जुना हुद्दा, जुना पगार पुन्हा मिळेल असं मी कोणाला सांगत नाही. एखाद्याला मिळतो, बहुतेकांना नाही. पण हुद्दा वेगळा आणि काम वेगळं. 'मी क्वालिटी मॅनेजर' हा हुद्दा झाला. कारखान्याचे कागद तपासणीला तयार ठेवणं, हे काम. हुद्दा कंपनीने काढून घेतला, काम येतंच. आणि ते काम छोट्या कारखानदाराला हवं असतं, फक्त पूर्णवेळ पगार त्याला परवडत नाही. आठवड्यातून दोन दिवस परवडतो. आपल्या या सभासदाला पहिलं काम असंच मिळालं, एका जुन्या सप्लायरकडून. दीडशे अर्जांतून नव्हे, एका फोनमधून. म्हणून जुन्या ओळखीच्या पन्नास माणसांची यादी करा आणि फोन करा. "नोकरी आहे का" असं विचारलं की समोरचा अवघडतो. "मी अमुक काम करून देतो, कुणाला लागत असेल तर सांगा" असं म्हटलं की तो विचार करायला लागतो.

दुसरा मार्ग शिकवण्याचा. यूजीसीने २०२२ पासून 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' असं पद आणलं आहे. आपल्या क्षेत्रातला पंधरा वर्षांचा अनुभव लागतो, पीएचडीची अट नाही. जागा थोड्या असतात, पण तासांवर शिकवायला कॉलेजांना, आयटीआयना माणसं लागतात.

तिसरा मार्ग आपल्या पायाशी आहे. सहकार खात्याची जीडीसी अँड ए ही परीक्षा पदवीधराला देता येते. हिशेब आणि सहकार कायदा आवडत असेल तर सोसायट्यांची कामं, पुढे अनुभवानंतर ऑडिटही. आपल्यासारख्या गृहनिर्माण संस्था गल्लोगल्ली आहेत आणि नीट दप्तर ठेवणारा माणूस मिळत नाही, हे मी खजिनदार म्हणून शपथेवर सांगतो! म्युच्युअल फंड वितरक, विमा प्रतिनिधी यांच्याही परीक्षा आहेत. पण तिथे पहिली दोन वर्षं फारसं काही मिळत नाही, आणि नातेवाईक तुम्हाला बघून रस्ता बदलतात, हे धरून चाला.

खरोखर लघुउद्योग काढायचा असेल, तर पीएमईजीपी योजनेला वयाची वरची मर्यादा नाही. शहरातल्या सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्पाच्या १५ टक्के अनुदान मिळतं आणि स्वतःचे १० टक्के घालावे लागतात. बाकीचं कर्ज असतं, आणि कर्ज फेडायचं असतं. हे मी बँकवाला म्हणून सांगतो.

त्या सभासदाचं पुढे काय झालं? आज त्यांच्याकडे दोन कारखान्यांचं नियमित काम आहे, आणि फार्मसी कॉलेजात आठवड्याला चार तास. उत्पन्न आधीच्या निम्म्याच्या थोडं वर. गाडी विकली ती विकलीच. मुलाचं इंजिनीअरिंग मात्र थांबलं नाही. थकबाकी त्यांनी पाच हप्त्यांत भरली, व्याजासकट. व्याजाबद्दल कमिटीशी बोलतो म्हटलं, तर म्हणाले, "काका, नियम तो नियम. फक्त नोटिशीच्या आधी बेल वाजवली असतीत तर बरं झालं असतं."

हे वाक्य मला तीन वर्षं पुरलं आहे.

म्हणून आजच्या दिवशी तीन सूचना. एक, कुणाचीही थकबाकी तीन महिन्यांची झाली, तर नोटिशीच्या आधी पदाधिकाऱ्यांपैकी एकाने घरी जावं. व्याज माफ करा असं मी म्हणत नाही, तो सर्वसाधारण सभेचा प्रश्न आहे. बेल वाजवायला सभेचा ठराव लागत नाही. दोन, ऑफिसात एक वही ठेवू या. प्रत्येकाने आपलं नाव, येणारं काम आणि कुणाला शिकवू शकतो, हे लिहावं. ऐंशी घरांत किती कामं असतात आणि आपण ती बाहेर शोधतो! तीन, दर रविवारी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसेन. पीएफचा फॉर्म असो, बायोडाटा असो की नुसतंच बोलायचं असो. दार लावून बोलू. मी ऐकलेलं बाहेर जाणार नाही. बँकेत इतकी वर्षं तेच केलं.

पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, गच्ची वॉटरप्रूफ केली, सीसीटीव्ही लावले. आता एवढं करू या, की या इमारतीत कुणाला सकाळी डबा घेऊन खोटं खोटं ऑफिसला निघावं लागू नये.

जेवणाची वेळ झाली आहे, आणि मसालेभाताचा वास माझ्यापेक्षा चांगलं बोलतो आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.