दाब एक, आंकडे तीन

नागपूर-वर्धा मार्गावरील केळझर म्हणजे महाभारतांतील एकचक्रा नगरी, अशी परंपरागत समजूत आहे. तेथील टेकडीवरील गणपतीच्या दर्शनास येणारे प्रवासी मात्र चार चाकांच्या मोटारींतून येतात. समजा, अशा एका प्रवाशानें वाटेंत चाकांत हवा भरावयास घेतली. मोटारीच्या दारावरील पट्टीवर आंकडा २२०; हवेच्या मापकावर ३२; आणि त्याच मापकाच्या आंतल्या वर्तुळावर सव्वादोन! यांत खरा कोणता? श्रोतेहो, तिन्ही खरे. एकाच दाबाचीं तीं तीन रूपें आहेत.

३२ हे दर चौरस इंचावरील पौंड होत. एक पौंड ०.४५३६ किलोग्रॅमचा, आणि एक चौरस इंच ६.४५१६ चौरस सेंटिमीटरांचा. पहिल्यास दुसऱ्यानें भागिलें कीं ०.०७०३ येतात; त्यांनीं ३२ ला गुणिलें कीं दर चौरस सेंटिमीटरास सव्वादोन किलोग्रॅम. पट्टीवरील २२० हे किलोपास्कल. पौंडांच्या आंकड्यास ६.८९५ नें गुणिलें कीं ते मिळतात.

भारतांत मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीं झाला, आणि दाबाच्या एककास पास्कलचें नांव १९७१ सालीं मिळालें. तरी हवेच्या दुकानांत अजून पौंडांचीच भाषा चालते. घोटाळा हिशेबांत नसून एकक न विचारण्यांत आहे. सव्वादोन म्हणजे सव्वादोन पौंड असें समजणारा माणूस भरलेल्या चाकांत आणखी हवा भरील. आणि उन्हानें तापलेल्या रस्त्यावर तो दाब अधिकच वाढेल. म्हणून आंकडा वाचण्यापूर्वीं एकक विचारावें, हेंच शहाणपणाचें.