तुटायचंच असेल तर कुठे तुटावं



संयोजकांनी फोनवर मला विषय सुचवला होता 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी'. मी म्हटलं, अरे बाबांनो, त्या संधींबद्दल आता आपली मुलंच आपल्याला सांगतात. त्यापेक्षा मी ज्यात रविवार घालवते त्यावर बोलू दे. तर आजचा विषय आहे गळाने मासे धरणं. मागच्या बाकांवरून हसू येतंय. तीस वर्षांपूर्वीही तिथूनच यायचं.

माझं माहेर राहुरीकडचं. मुळा धरण आमच्यासाठी सहलीचं ठिकाण नव्हतं, शेजार होता. बारागाव नांदूरची ती भिंत, मागे 26 टीएमसीचा ज्ञानेश्वर सागर, आणि काठावर बांबूची काठी घेऊन बसलेली माणसं मी लहानपणापासून बघत आले. स्वतः काठी हातात घेतली ती मात्र नोकरीला लागून बरीच वर्षं झाल्यावर. बाई माणूस गळ टाकून बसलीय म्हटल्यावर पहिली दोन वर्षं लोक पाण्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघायचे. आता सवय झाली, त्यांना आणि मला.

मी बोलणार आहे ते रॉड-रिळाबद्दल नाही. आपल्यातल्या चार-पाच जणांची मुलं हल्ली सुट्टीच्या दिवशी धरणावर जातात, ऑनलाइन मागवलेला महागाचा रॉड घेऊन. रॉड माशाला दिसतच नाही. माशाला भेटतो तो तंगुसाचा शेवटचा दीड हात: वजन, फिरती कडी, गळाची दोरी, गळ आणि आमिष. सगळा खेळ तिथे असतो. रॉडला पाच हजार घालणारी मुलं या टोकासाठी वीस रुपयांचं तयार पाकीट उचलतात, तीन-तीन गळ एकत्र बांधलेलं. म्हणून हे बोलणं.

पहिली गोष्ट, माशाचं तोंड बघा. आपल्या धरणांत मुख्यतः चार मासे सापडतात: कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस, ज्याला आपल्याकडे सरळ सिप्रनस म्हणतात. चौघेही एकाच कुळातले, इंग्रजीत कार्प म्हणतात ते. आणि गंमत म्हणजे यातला एकही मूळचा आपला नाही. पहिले तीन गंगेच्या खोऱ्यातले, बीज आणून सोडलेले. सिप्रनस तर परदेशी. त्याचा एक वाण 1939 साली श्रीलंकेतून निलगिरीत आला आणि दुसरा 1957 मध्ये थायलंडहून.

कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, मोठ्या डोक्याला बसवलेल्या सुपासारखं. तो वरच्या थरात पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. त्याच्यासाठी तळाला वजन टाकून बसणं म्हणजे तळमजल्याची बेल वाजवून गच्चीवरच्या माणसाची वाट बघणं. त्याला तरंग्याखाली, मधल्या पाण्यात, हळूहळू विरघळणारा कोंडा-पेंडीचा मऊ गोळा लागतो. रोहूचे ओठ झालरीसारखे, तो मधल्या थरात वावरतो. मृगळाचं तोंड खाली वळलेलं, तो तळावरचा. आणि सिप्रनस तळ अक्षरशः उकरतो. त्याचं तोंड नळीसारखं पुढे येतं, ओठाशी मिशांच्या दोन जोड्या असतात. तो गाळ तोंडात ओढतो, चाळतो आणि नको ते थुंकून देतो. या माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. म्हणजे मासा आधी ओढतो, तपासतो, मग आत नेऊन चावतो. गळाची बांधणी ठरते ती या तपासण्याच्या एका क्षणावर.

कणकेचा गोळा थेट गळावर लावला की सिप्रनस तो ओढतो, लोखंड लागतं, थुंकतो. वर तुमचा तरंगा जरा हलतो आणि तुम्ही म्हणता, चिलापी टोचतेय. यावर इंग्लंडात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स या दोघांनी तोड काढली. आमिष गळावर लावायचंच नाही. गळाच्या पाठीमागून एक बारीक धागा सोडायचा आणि आमिष त्या धाग्यावर. सुरुवातीला त्यांनी माणसाचा खराखुरा केस वापरला होता, म्हणून त्याला आजही हेअर रिग म्हणतात. गळ उघडाच राहतो. मासा आमिष ओढतो, मागोमाग गळ जातो, आणि थुंकताना मोकळं टोक खालच्या ओठात बसतं. इतकं साधं. मला विचाराल तर या साऱ्या छंदात इतकी सुंदर कल्पना दुसरी नाही.

या केसावर काय ओवायचं? तिकडे पीठ अंड्यात मळून, गोळ्या करून उकडतात. मी आईला दाखवलं तर ती म्हणाली, "हे तर शेंगोळे!" बरोबर बोलली. हुलग्याचं पीठ, थोडी शेंगदाण्याची पेंड, एक अंडं, सुपारीएवढ्या गोळ्या, तीन-चार मिनिटं उकळत्या पाण्यात, मग दोन दिवस सावलीत वाळवायच्या. अशा टणक गोळीला चिलापी लवकर फोडू शकत नाही आणि मोठ्या माशासाठी ती टिकते. घाई असेल तर भिजवून उकडलेले हरभरे किंवा मक्याचे दाणेही चालतात.

दुसरी गोष्ट, तळ बघा. यासाठी दुर्बीण नको, मे महिना हवा. पाणी उतरलं की गाळपेरीची जमीन उघडी पडते. चपला काढून त्यावर चालत जायचं. कुठे पाय घोट्यापर्यंत रुततो, कुठे मुरूम लागतो, कुठे बाभळीचे बुंधे उभे आहेत, काठावरच्या एखाद्या खुणेपासून किती पावलांवर, हे वहीत लिहून ठेवायचं. दिवाळीनंतर तिथेच दोन-तीन पुरुष पाणी असतं आणि तुम्हाला त्याखालचं सगळं दिसत असतं. पावसाळ्यात मी गळ टाकत नाही. कटला-रोहूचा तो अंडी घालायचा काळ.

मुरूम असेल तर गळाची दोरी वीतभर पुरते. गाळ असेल तर वजन रुततं आणि आखूड दोरी असली तर गळालाही खाली ओढतं. तिथे दोरी हातभर घ्यायची, वजन चपटं आणि हलकं घ्यायचं आणि आमिष थोडं तरंगतं ठेवायचं. बाजारात त्यासाठी रंगीत फोमचे तुकडे मिळतात. मी ज्वारीच्या ताटातलं भेंड वापरते, तेच, ज्याच्या आपण लहानपणी बैलगाड्या करायचो. गोळीला खेटून एवढासा तुकडा ओवला की ती चिखलाच्या वर दोन बोटं उभी राहते. भेंड पाणी पितं, म्हणून तासा-दोन तासांनी बदलायचं.

वजनाबद्दल आपल्या विज्ञानाच्या सरांनी नववीतच सगळं शिकवून ठेवलंय. सर, समोर बसलात म्हणून सांगते, न्यूटनचा पहिला नियम मला खऱ्या अर्थाने कळला तो 60 ग्रॅमच्या गोळ्यामुळे. तंगूस वजनातून मोकळं सरकत असेल तर माशाला ओझं जाणवत नाही, तो आमिष घेऊन निवांत चालू लागतो आणि हिसका तुम्हाला द्यावा लागतो. वजन फिरत्या कडीलाच बांधलेलं असेल तर मासा दचकून पळतो आणि जागचं न हलणारं वजन गळ रुतवतं. पहिली बांधणी हातात काठी धरून बसणाऱ्याची. दुसरी, पाच मिनिटं चहाला उठणाऱ्याची. मी दुसरी वापरते.

पण या दुसऱ्या बांधणीतच खरी जबाबदारी आहे, आणि मला आज मुख्यतः हेच सांगायचंय.

तीन वर्षांपूर्वी काठावर एका भोई काकांची होडी लागली. जाळ्यातले मासे काढता काढता त्यांनी मला हाक मारली. "ताई, हे बघा. हे बिचारं कुणाचं तरी ओझं घेऊन फिरत होतं." दोन-अडीच किलोचा सिप्रनस असावा, पण असावा म्हणण्याइतकाच. डोकं मोठं आणि अंग चिपाडासारखं वाळलेलं. ओठात गळ, गळामागे जाड वेणीचा दोरा, दोऱ्याला पक्क्या गाठीने बांधलेला शिशाचा गोळा आणि वर चार-पाच हात तंगूस. कुणाचं तरी तंगूस वरून तुटलं होतं आणि खालचं सगळं माशाबरोबर गेलं होतं. काका म्हणाले, "असे बुंध्याला अडकून मेलेले पण सापडतात. ना तुमच्या कामाचे, ना आमच्या." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

आमच्या धंद्यात कुठलीही प्रणाली बांधताना पहिला प्रश्न हा असतो की ही बंद पडेल तेव्हा कशी पडेल. पडणार नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला बैठकीतून उठवतात. गळाचंही तेच. तुटणार आहेच. म्हणून तीन जोड, तीन ताकदी. मुख्य तंगूस सर्वांत मजबूत, माझं 0.35 मिलिमीटरचं, गाठीसकट आठ किलो धरतं. गळाची दोरी त्याहून कमी, पाच किलोची. आणि वजन बांधायचं ते साध्या सुती दोऱ्याने, तीन किलोला तुटणाऱ्या. आता वजन बुंध्यात अडकलं तर फक्त वजन जातं, मासा तुमच्याकडे येतो. मासाच फार मोठा निघाला तर दोरी गळाशी तुटते आणि तो फक्त गळ घेऊन जातो. आणि वरचं तंगूस दगडाला घासून तुटलंच, तर सुती दोरा कुजतो, पहिल्या अडकण्यातच वजन सुटतं. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला असेल तर गळही पुष्कळदा आपोआप निघतो. असा गळ वापरून मासे जास्त सुटतात का? तंगूस ताणलेलं ठेवलंत तर नाही.

हे आकडे पाकिटावरून घेऊ नका. घरी बादली टांगा. तंगूस आधी भिजवा, कारण नायलॉन ओलं झालं की थोडं कमजोर होतं, आणि आपण गळ वाळवंटात टाकत नाही. मग बादलीत लिटर-लिटर पाणी ओता. एक लिटर म्हणजे एक किलो. कुठे तुटलं ते बघा. बहुतेक वेळा गाठीशी तुटतं. गाठ आवळण्याआधी ओठात धरून ओली करा, कोरडी आवळली की घर्षणाने तंगूस पोळतं. आमच्या बाल्कनीतल्या या प्रयोगामुळे खालच्या मजल्यावरच्या काकू माझ्याशी महिनाभर बोलत नव्हत्या. आणि एक, सुती दोऱ्याच्या वजनाला झोकात फेकू नका. ते हवेतच सुटतं. पाठीमागे आणि समोर कुणी नाही हे पाहून हळूच टाकायचं.

वजन शिशाचंच कशाला हवं? मी गॅरेजमधले जुने नट वापरते. इंग्लंडात हंस पक्षी तळातले शिशाचे बारीक तुकडे गिळून विषबाधेने मरायला लागले, तेव्हा 1987 मध्ये लहान शिशाच्या वजनांवर तिथे बंदी आली. आपल्या नाथसागरावर, शेवगाव-नेवाशाच्या बाजूला हिवाळ्यात किती पक्षी उतरतात हे तुम्ही जाणता. तुटलेलं तंगूस काठावर टाकून येऊ नका, बगळ्याच्या पायात गुंतलं की तो सोडवू शकत नाही. मी ते खिशात घालून आणते. धुण्याच्या यंत्रात गेलं की घरी वेगळी चर्चा होते.

गळाचा नंबर अनेक जण विचारतात. जितका आकडा मोठा तितका गळ लहान, हे लक्षात ठेवा. हरभऱ्याला आठ, उकडलेल्या गोळीला सहा किंवा चार. तीन-चार गळांचा घोस मला पटत नाही. तो तोंडात एक आणि पोटात दोन रुततो. पोटासाठी मासे धरणाऱ्याला मी हे सांगायला जाणार नाही, त्याचं गणित वेगळं. पण जो मौजेसाठी बसलाय त्याला एक गळ पुरे. आणि आधी विचारायचं. धरणातल्या मासेमारीचा ठेका सहसा एखाद्या सहकारी संस्थेकडे असतो. त्यात पैसे घालून बीज सोडलेलं असतं, घरं चालत असतात. मी दर मोसमात जाऊन भेटते, त्यांची परवानगी घेते, आणि तळाची वही त्यांना दाखवते. निम्म्या खुणा त्यांनीच दुरुस्त केल्यात.

"मग मासा सोडतेस की खातेस?" असा प्रश्न जेवणाच्या रांगेत दोघांनी विचारलाय. दोन्ही. किलो-दीड किलोचा रोहू घरी येतो. मोठी मादी मी सोडते.

मी बाहेरच्या टेबलावर सहा बांधण्या पुठ्ठ्यावर टाचून ठेवल्यात, प्रत्येकीखाली कोणत्या माशासाठी आणि कोणत्या तळासाठी ते लिहिलंय. ज्यांची मुलं धरणावर जातात त्यांनी एकेक पुठ्ठा घेऊन जावा. सुती दोऱ्याचं एक रीळही आहे, हवा तेवढा तोडून घ्या. टोकांना रबराची टोपणं लावलीत, ती इथे काढू नका, बाईंच्या रेशमी साड्या जवळच आहेत. बादली मात्र ज्याची त्याने आणायची.