रेणूचा आकार: कशात, किती आणि कुणाच्या तुलनेत?



‘तू हल्ली नक्की काय करतेस, ते सगळ्यांना कळेल असं सांग,’ असं संयोजकांनी फर्मावलंय. मी महाप्याला बसून प्रयोगशाळांतल्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. त्यातलं एक यंत्र प्लास्टिकचे रेणू मोजतं. विषय परका नाही हं! ठाणे-बेलापूर रस्त्यावर १९६० च्या दशकात नोसिलसारखे कारखाने उभे राहिले, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या घरचा डबा त्याच पट्ट्यातल्या पाळ्यांवर जायचा.

प्लास्टिकचा रेणू म्हणजे लांबलचक साखळी. द्रावणात ती लोकरीच्या सैल गुंड्यासारखी राहते. साखळ्या किती लांब आहेत, यावर माल किती मजबूत होणार हे बरंचसं ठरतं. ही लांबी मोजायची एक पद्धत डाऊ कंपनीतल्या जे. सी. मूर यांनी १९६४ साली मांडली: जेल परमिएशन क्रोमॅटोग्राफी. सच्छिद्र मण्यांनी भरलेल्या नळीतून द्रावण सोडायचं. चाळणीतून बारीक दाणे आधी पडतात, इथे मात्र उलटं. वाशीच्या एपीएमसीत भरलेली हातगाडी मोठ्या रस्त्याने सरळ निघून जाते. मोकळा माणूस गल्लीबोळांत शिरतो आणि उशिरा बाहेर येतो. तसेच मोठे गुंडे आधी येतात, छोटे मण्यांच्या छिद्रांत शिरून रेंगाळतात. बाहेर पडण्याच्या वेळेवरून आकार, आणि आकारावरून रेणुभार.

मेख इथेच आहे. यंत्राला वजन दिसत नाही. दिसते ती गुंड्याने व्यापलेली जागा. आणि जागा परिस्थितीप्रमाणे बदलते.

पहिली गोष्ट द्रावक. पॉलिस्टायरीन टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये छान फुलतं. तेच सायक्लोहेक्झेनमध्ये, ३४.५ अंश सेल्सिअसच्या आसपास, बरंच आक्रसतं. रेणू तोच, वजन तेच, आकार वेगळा. पॉलिथिलीन तर टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये विरघळतच नाही. त्यासाठी ट्रायक्लोरोबेन्झीन सुमारे १५० अंशांपर्यंत तापवून वापरतात.

दुसरी गोष्ट संहती, म्हणजे द्रावण किती दाट आहे ते. सकाळच्या गर्दीत नेरूळहून लोकलमध्ये चढल्यावर आपण कोपरं आत घेतो ना, तसंच दाट द्रावणात गुंडे अंग चोरतात. छोटे झाले की उशिरा बाहेर येतात, आणि रेणुभार खऱ्यापेक्षा कमी भासतो. फुलवणाऱ्या द्रावकात आणि लांब साखळ्यांत हा परिणाम जास्त. म्हणून मिलिलिटरला साधारण एक-दोन मिलिग्रॅम, आणि फार लांब साखळ्यांसाठी त्याहूनही कमी घेतात. फारच पातळ केलं तर खूण यंत्राच्या खरखरीत हरवते.

तिसरी गोष्ट तुलना. बहुतेक ठिकाणी मोजपट्टी पॉलिस्टायरीनची असते. दुसऱ्या प्लास्टिकला ती लावली, तर येणारा आकडा ‘पॉलिस्टायरीनच्या हिशेबाने’ असतो. यावर १९६७ साली स्ट्रासबर्गच्या बेन्वा आणि सहकाऱ्यांनी तोड काढली: रेणुभार आणि अंगभूत श्यानता यांचा गुणाकार ही सगळ्यांना चालणारी मोजपट्टी.

हे सगळं कागदावरचं वाटेल. पण काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाकडे, नाव नको, माल परत येण्याची वेळ आली होती. विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या अहवालांत रेणुभार जुळेना. पाळीवरच्या केमिस्ट मुलीला जाब विचारला गेला. दोन्ही अहवालांवर आकडा ठळक होता, संहती कुठेच नव्हती. वह्या काढल्या, तेव्हा घेणाऱ्याकडचं द्रावण कितीतरी दाट निघालं. मग एकच नमुना पातळ करत करत चार वेळा चालवला. दर वेळी आकडा थोडा वर सरकत गेला आणि अखेर त्या मुलीच्या आकड्याजवळ आला. खोटं कुणीच बोललं नव्हतं. पण तिची नोकरी धोक्यात आली होती, हे तितकंच खरं.

तेव्हापासून आमच्या सॉफ्टवेअरमध्ये द्रावक, तापमान, संहती आणि मोजपट्टी भरल्याशिवाय अहवाल छापला जात नाही. ‘मॅडम, एवढं कशाला भरायचं?’ ही तक्रार अजून येते. मी ती रकाने काढून टाकत नाही. आकड्यावरून कुणाला दोषी ठरवायचं असेल, तर तो आकडा कुठल्या परिस्थितीतला आहे हे त्याच कागदावर दिसलं पाहिजे.

आमच्या सरांना यात नवीन काही वाटणार नाही. उत्तर बरोबर असूनही एकक लिहिलं नाही, तर ते अर्धा गुण कापायचे. तेव्हा राग यायचा. सर, तो अर्धा गुण मी आता दुसऱ्यांचा कापते.