बेसिनखालची नळी

पूर्वी हातपाय धुवायचे ते परसात, दगडावर उभे राहून. आणि ते पाणी जायचे अळूच्या वाफ्याला. आता नळ घरात आला. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाल्यापासून तर पुष्कळ खेड्यांत आला. नळामागोमाग बेसिन आले, सिंक आले. पण घरात आलेले पाणी बाहेर कसे जाते, हे किती जण पाहतात?

बेसिनखाली वाकून पाहा. पुष्कळ घरांत तेथे वळ्यावळ्यांची, हवी तशी वाकणारी प्लॅस्टिकची नळी दिसेल. स्वस्त आणि बसवायला सोपी. परवा एका शिक्षकमित्राने विचारले, "अहो, ही नळी चालते की नाही, एकदा काय ते सांगून टाका." सांगतो. चालते, पण सगळीकडे नाही.

गुळगुळीत पाइपातून पाणी जाताना घाणही ओढून नेते. या नळीच्या प्रत्येक वळीत मात्र तेलकट खरकटे, केस आणि साबणाचा साका अडकून बसतो. नळी लांब असली की मध्ये झोळ पडतो आणि तेथे गाळ साचतो. तुंबली म्हणून तार घालावी, तर पातळ नळी फाटते. उंदरालाही ती कुरतडायला सोपी.

मग वाक वाईटच का? तसे नाही. १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने शौचकूपाच्या नळाला इंग्रजी एस अक्षरासारखा वाक दिला आणि त्याचे पेटंट घेतले. त्या वाकात थोडे पाणी कायम राहते आणि गटाराची दुर्गंधी अडवते. आजच्या ट्रॅपचे तत्त्व हेच. लवचिक नळी बांधूनही असा वाक करतात. पण बांध सैल झाला की वाक सरळ होतो, पाणी निघून जाते, आणि वास व झुरळे घरात! म्हणून तयार ट्रॅपच बसवावा. नळी मोरीत सोडली असेल आणि मोरीच्या जाळीखाली ट्रॅप असेल, तर वेगळ्या वाकाची गरज नाही.

तेव्हा हात धुण्याच्या बेसिनला, डोळ्यांसमोर राहील अशी आखूड, झोळ नसलेली नळी खुशाल लावा. वर्षा-दोन वर्षांनी तपासा, खराब दिसली की बदला. भिंतीत किंवा फरशीखाली मात्र ती कधीही गाडू नका. तेथली गळती भिंत ओली होईपर्यंत कळत नाही. स्वयंपाकघराच्या सिंकला कडक पीव्हीसी पाइपच घ्या आणि त्याला फुटाला पाव इंच उतार द्या.

गुरुजनांना एक विनंती. शाळेत दुपारच्या जेवणाआधी शंभर हात एकापाठोपाठ धुतले जातात. तेथे कडक पाइपच हवा.

काम झाल्यावर प्लंबरला लगेच जाऊ देऊ नका. बेसिन काठोकाठ भरा, खाली कोरडा कागद पसरा, आणि बूच एकदम काढा. कागद कोरडा राहिला, तर पैसे द्या!