साधं राहायचं कुणी?

लोहारा तालुक्यातल्या गावागावांत चुलीपुढं, गोठ्यात, रानात काम करता करता ऐकणाऱ्या सगळ्या बायांना रामराम.

आज बोलायचं आहे गरिबीवर आणि साध्या राहणीवर. या दोन गोष्टींची सांगड लोक नेहमी घालतात आणि बहुतेक वेळा ती आपल्यालाच ऐकवतात. "काटकसर करा, खर्च आवरा, म्हणजे गरिबी हटेल." सांगणारा चहा घेऊन निघून जातो. आपण मात्र विचार करत बसतो की आता आणखी काय कमी करायचं? फोडणीतलं तेल, का लेकराचं दूध?

म्हणून आधी बघू, गरिबी येते कुठून.

आपला भाग कमी पावसाचा. माकणीचं धरण आपल्याच तालुक्यात आहे, पण त्याचं पाणी प्रत्येकीच्या रानात येत नाही. सोयाबीनचं बी, खत, औषध आपण दुकानदार सांगेल त्या भावानं आणतो आणि माल विकतो बाजार सांगेल त्या भावानं. घेतानाही भाव दुसऱ्याचा, विकतानाही दुसऱ्याचा. रान बाई कसते, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं, म्हणून बँकेच्या दारात तिला कुणी शेतकरी म्हणत नाही. ज्यांना रानच नाही, ती जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि उचल फिटेपर्यंत कोयता हातातून सुटत नाही. त्यातच घरात एक मोठं आजारपण आलं, की दहा वर्षांची कमाई दवाखान्यात जाते.

आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. सास्तूर, किल्लारी आणि आसपासच्या गावांत खाती-पिती घरं काही क्षणांत उघड्यावर आली. त्यांनी काय उधळपट्टी केली होती? गरिबी ही नेहमी माणसाच्या चुकीची शिक्षा नसते, हे आपल्या भागातल्या माणसांना कुणी शिकवायला नको.

मग साध्या राहणीचा उपयोग काय? या प्रश्नावर कॅथॉलिक ख्रिस्ती लोकांनी बराच विचार केला आहे, कामही केलं आहे. आपल्यातल्या बहुतेक जणी ख्रिस्ती नाहीत, पण चांगला विचार कुठूनही घ्यावा. जानेवारी २०२० मध्ये आपल्याच धाराशिवला त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. कॅथॉलिक धर्मगुरू, मराठीत लिहिणारे आणि वसईची हिरवी जमीन, पाणी वाचवण्यासाठी लोकांबरोबर रस्त्यावर उतरलेले. २०२४ मध्ये ते गेले.

त्यांच्या परंपरेत एक फरक स्पष्ट केलेला आहे, तो आपण नीट समजून घेऊ. एक असते लादलेली गरिबी. ती वाईटच. उपाशी पोटाला चांगलं म्हणायचं नाही, ते देवाच्या नावावर खपवायचं नाही, ते घालवायचं. दुसरा असतो आपणहून घेतलेला साधेपणा. इटलीतल्या असिसी गावात आठशे वर्षांपूर्वी फ्रान्सिस नावाचा कापड व्यापाऱ्याचा मुलगा होता. घरी सगळं होतं. ते सोडून तो गरिबांत, कुष्ठरोग्यांत जाऊन राहिला. २०१३ मध्ये पोप झालेल्या धर्मगुरूंनी त्याचंच नाव घेतलं. त्यांनी २०१५ मध्ये साऱ्या जगाला उद्देशून एक पत्र लिहिलं. ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांनी कमीत राहायला शिकावं, कारण त्यांच्या हावेपायी जमीन-पाणी नासतं आणि त्याचा पहिला फटका गरिबाला बसतो, असं त्या पत्राचं सांगणं आहे.

कॅथॉलिक सिस्टरही दारिद्र्याचं व्रत घेतात. पगार मिळाला तरी तो त्यांच्या स्वतःच्या नावावर साठत नाही, सगळ्यांच्या सामाईक तिजोरीत जातो. पण त्यांच्या जेवणाची, छपराची, म्हातारपणाची काळजी त्यांचा संघ घेतो. आपल्या गल्लीतल्या एकट्या विधवेची काळजी कोण घेतो? सिस्टरचं दारिद्र्य आणि त्या विधवेचं दारिद्र्य एका तराजूत घालता येत नाही. म्हणून साधेपणाचा उपदेश आधी ज्याच्याकडे जास्त आहे त्याला करायचा.

आपल्याला हे नवीन नाही. आपल्या जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका संत झाले तरी मडकी घडवूनच पोट भरत राहिले.

आता दोन कामं सांगते. एक वसईचं. तिथले शेतकरी सावकाराच्या व्याजात अडकलेले. चर्चमध्ये नुसतं "कर्ज काढू नका" म्हणून भागत नव्हतं. १९१८ मध्ये मोन्सिनॉर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी लोकांना एकत्र करून सहकारी पतसंस्था उभी केली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक. शंभर वर्षं उलटली, ती चालू आहे. थोडं थोडं मागं टाकायचं आणि ते एका ठिकाणी जमवून अडल्या माणसाला द्यायचं. आपला बचत गट दुसरं काय करतो?

हिशोब करून बघा. समजा, एकीनं सावकाराकडून वीस हजार घेतले, शेकडा पाच रुपये महिन्यानं. वर्षाचं व्याज बारा हजार. तेच गटातून शेकडा दोननं घेतले तर चार हजार आठशे. सात हजार दोनशे रुपये वाचले. आणि ते चार हजार आठशेही गावाबाहेर गेले नाहीत, आपल्याच गटात राहिले. फोडणीतलं तेल कमी करून वर्षात सात हजार वाचतील का?

दुसरं काम नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं. फादर हर्मन बाकर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू १९४८ मध्ये भारतात आले आणि आयुष्यभर इथल्या दुष्काळी गावांत राबले. त्यांच्या पुढाकारानं पाणलोटाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला, १९९३ मध्ये 'वॉटर' ही संस्था निघाली. अट अशी की गावानं श्रमदान करायचं, झाडं तोडायची नाहीत, डोंगरावर मोकाट चराई करायची नाही. सगळ्या गावानं काही काळ हात आखडता घ्यायचा, म्हणजे पाणी मुरतं, गवत येतं.

पण इथं एक गोष्ट विसरू नका. चराई बंद झाली की पहिला चिमटा बसतो शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या घराला. पाणी वाढलं की पहिला फायदा होतो खाली विहीर असणाऱ्याला. म्हणून गावात असा कोणताही ठराव होताना बायांनी उठून विचारावं, "सोसायचं कुणी आणि मिळणार कुणाला?" शेळीवालीला चारा कुठून, हे ठरल्याशिवाय ठरावावर अंगठा करू नये.

आता आपल्या गटाकडे येऊ. आपल्याकडे कर्जाचं एक मोठं कारण म्हणजे लग्न. हुंडा, मानपान, आहेर, मंडप, डीजे, जेवणावळी. हुंडा १९६१ पासून कायद्यानं बंद आहे, तरी घेतात. मुलगी मोठी झाली की खर्च वाढेल, या भीतीनं अठराच्या आत उजवून टाकतात. मग पोरीची शाळा जाते, तब्येत जाते आणि तीच गरिबी पुढच्या पिढीत जाते.

यात एकट्या आईला दोष देऊ नका. ती एकटी साधं लग्न करायला गेली तर लोक म्हणतात, "ऐपत नव्हती." पण गावातल्या वीस जणींनी मिळून ठरवलं तर तीच गावची रीत होते. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं १८७३ पासून साधी लग्नं लावली. त्याच महाराष्ट्रातल्या आपण.

म्हणून पुढच्या बैठकीत चार गोष्टी मांडा.

पहिली, लग्नात आपल्या गटातलं कुणी हुंडा देणार-घेणार नाही आणि लग्नाची पंगत किती माणसांची, हे सगळ्यांनी मिळून ठरवा. सुरुवात ज्या घराची ऐपत आहे त्या घरानं करावी. मोठ्या घरानं साधं लग्न केलं, की गरीब घराची मान आपोआप वर राहते.

दुसरी, गटातली कोणती बाई बाहेरच्या कर्जात आहे, ते विश्वासानं विचारा. चारचौघांत तिचा पाणउतारा करू नका. महाग कर्ज आधी फेडायला गटानं हात द्यावा.

तिसरी, आजारपणासाठी दर महिन्याला थोडी रक्कम वेगळी ठेवा आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नका.

चौथी, सातबारा आणि घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव लावण्यासाठी एकेकटीनं न जाता चार-पाच जणींनी मिळून तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीत जा.

आणि हेही लक्षात ठेवा. साधं राहायचं म्हणून रोजगार हमीचं काम, रेशन, निराधार पेन्शन मागायचं सोडायचं नाही. तो आपला हक्क आहे. बाईनं आपल्या ताटातलं काढून साधेपणा करायचा नाही. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईला आज मी एवढंच सांगेन, बाई, आज सगळ्यांबरोबर ताट वाढून घे.

बैठकीत काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.