बांधावरची बाभूळ

बाभळीचे नाव निघाले की प्रथम काटा आठवतो. बाभूळ पेरून आंबे मिळत नाहीत, असे सांगून लोकांनी या झाडाचा निकाल एका वाक्यात लावून टाकला आहे. फळापुरता तो निकाल खरा मानावा. परंतु बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सरहद्दीवर, भालकी, औराद, आळंद या तालुक्यांत, शेतकऱ्याची गाडी आणि औते पिढ्यान् पिढ्या ज्या झाडाने चालविली ते झाड बाभळीचेच होय.

बीदर शहर तांबड्या जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. पठार उतरून मांजरेच्या खोऱ्यात यावे तो काळी जमीन लागते आणि तिच्याबरोबर बाभूळही. 1956 साली जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. भालकी-औराद म्हैसूर राज्यात गेले, उदगीर-निलंगा मुंबई राज्यात आले. मराठी शेतकऱ्याची बाभूळ ती शेजारच्या कन्नड शेतकऱ्याची जाली आणि तेलुगू शेतकऱ्याची तुम्म. तिघांचे औत मात्र एकाच लाकडाचे.

साल उतरविली की खोडाचा बाहेरचा थर, म्हणजे रसकाष्ठ, पांढरट दिसतो. आतला गाभा गुलाबीसर असतो व वाऱ्या-उजेडात तो तांबूस तपकिरी होत जातो. सुतार पसंत करतो तो हा गाभा. वाळलेल्या बाभळीचे वजन घनमीटरला सुमारे 800 किलो भरते. सागाचे 650च्या आसपास. दार-खिडक्यांत सागाशी कोणी बरोबरी करू नये. पण जेथे धक्का सोसावयाचा असतो तेथे सागाला मागे सरावे लागते. बाभळीचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे घाव बसला तरी ती सहसा उभी फाटत नाही.

गाडीच्या चाकाचा तुंबा पाहावा. एका ठोकळ्याला सभोवार खाचा पाडून त्यांत आरे ठोकून बसवितात. एवढ्या खाचा पोटात घेऊन जे लाकूड तडकत नाही तेच तुंब्याचे. आऱ्यांच्या टोकांवर घेराचे वाकदार तुकडे, म्हणजे पुठ्ठे, बसतात आणि त्यांवर लोखंडी धाव चढते. गोवऱ्यांच्या विस्तवात लाल केलेली ती धाव पाणी ओतताच आवळत जाते व सारे सांधे घट्ट धरते. पुढे खडकाळ वाटेवर चाक आदळले की धक्का आऱ्यांतून थेट तुंब्यात शिरतो. कुळवाचे दिंड, तिफणीचे फण, नांगर, तेलाचा घाणा, कुऱ्हाडीचा दांडा, या सर्वांना हाच चिवटपणा लागतो.

मात्र ही सारी योग्यता झाडाबरोबर आयती येत नाही. ओल्या लाकडाचे चाक केले तर उन्हाळ्यात ते आकसते आणि आरे खुळखुळू लागतात. बाहेरच्या थराला कीड लवकर लागते. म्हणून जुने जाणते सुतार तोडलेले लाकूड नदीच्या डोहात दगडांखाली दाबून काही महिने ठेवीत व नंतर सावलीत वाळवीत. लाकडातील पिठूळ अंश पाण्यात निघून गेला की किड्याला खावयास फारसे उरत नाही. कापणी-तासणीचे मोठे काम लाकूड ओले असतानाच करून घ्यावे लागे. वाळलेली बाभूळ करवतीचे दात बोथट करते.

या व्यवहारात बाजार फारसा नव्हता. लाकूड शेतकऱ्याच्या बांधावरचे, हात सुताराचे आणि मोबदला सुगीत खळ्यावर मिळणारे बलुते. रबरी टायरांची गाडी आली, मागून ट्रॅक्टर आला, आणि ही घडी विस्कटली. आता तोडलेली बाभूळ बहुधा जळणाला जाते. तिचा कोळसा उत्तम होतो हे खरे. तरी वीस वर्षांचा निकोप गाभा भट्टीत घालणे ही उधळपट्टीच म्हटली पाहिजे. दांडे आणि दिंडे आजही लागतातच.

शिवाय ओसाड जागांवर वेडी बाभूळ पसरली आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेकडून आलेली ही परकी जात. कन्नडमध्ये तिला बळ्ळारी जाली म्हणतात. नवख्या माणसाला दोन्ही सारख्याच वाटतात. खऱ्या बाभळीचे पिवळे फूल चेंडूसारखे गोल असते आणि शेंग मण्यांच्या माळेप्रमाणे जागोजाग आवळलेली. वेडीचे फूल लांबट तुऱ्याचे. तिचे वाकडे खोड जळणापलीकडे क्वचितच कामी येते.

बांधासाठी रामकाठी ही बाभळीची जात सर्वांत सोयीची. तिच्या फांद्या खोडाला धरून वर जातात, त्यामुळे पिकावर सावली थोडी पडते. बियांचे कवच कठीण असल्यामुळे त्या तशाच टाकल्या तर उगवण रेंगाळते. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्यावर त्यांच्या लेंड्यांतून पडलेले बी लवकर रुजते, आणि ते शेळ्या बांधण्याच्या जागी फुकट मिळते. पावसाळ्याच्या तोंडी ते बांधावर टोचावे आणि पहिली दोन-तीन वर्षे रोपाला त्याच शेळ्यांपासून जपावे.