खाऱ्या पाण्यानंतरचं गोडं पाणी



मी जतचा. आमच्याकडे पाण्याचा विषय निघाला की पाऊस, बोअर, टँकर आणि म्हैसाळ योजना एवढ्यातच गप्पा संपतात. समुद्र आमच्या बोलण्यात सहसा येत नाही. तरीही आज मी समुद्राखाली न्यायच्या कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहे, कारण त्या कॅमेऱ्याचं आयुष्य शेवटी बादलीभर गोड्या पाण्यावर अवलंबून असतं. आणि बादलीभर पाण्याची किंमत जतच्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाही.

आमच्या तालुक्यातली माणसं पोटासाठी ऊसतोडीला जातात, शहरात जातात. माझा भाचा मालवणला गेला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आणि तारकर्लीच्या परिसरात पर्यटक स्कूबा डायव्हिंगला येतात. हा त्यांच्याबरोबर पाण्यात उतरतो आणि त्यांचे फोटो काढतो. कॅमेरा कर्जावर घेतलेला. तो ज्या जलरोधक डब्यात बसवतात त्याला हाउसिंग म्हणतात. डब्याला काचेची खिडकी असते, बाहेरून दाबायची बटणं असतात, आणि झाकणाच्या कडेने रबरासारखी एक गोल रिंग असते. तिला ओ-रिंग म्हणतात. कर्जावरचा कॅमेरा आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये फक्त ही रिंग उभी असते.

तुमच्या घरात कुकर आहे. कुकरच्या रिंगेखाली भाताचं एक शीत अडकलं तर वाफ निसटते, शिट्टी होत नाही. इथेही तोच न्याय. वाळूचा एक कण, डोक्याचा एक केस, टॉवेलचा एक धागा रिंगेवर राहिला की पाण्याला वाट मिळते. लहानशी रिंग काय करू शकते हे जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिलं. चॅलेंजर यानाच्या रॉकेटमधली ओ-रिंग थंडीने कडक झाली, तिने वेळेवर जागा भरली नाही, आणि सात अंतराळवीर गेले.

पाण्यात दर दहा मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. पंधरा बाय वीस सेंटिमीटरच्या झाकणावर दहा मीटर खाली तीनशे किलोंचा भार पडतो. पण गंमत अशी की हाच भार झाकण अधिक घट्ट बसवतो. त्यामुळे डबा गळायचा असेल तर बरेचदा वरच्या उथळ पाण्यातच गळतो, जिथे दाब कमी असतो. म्हणून जाणकार मंडळी आधी रिकामा डबा पाण्यात बुडवून बघतात. कॅमेरा त्यानंतर आत जातो.

आता मिठाचं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पंधरा लिटरच्या बादलीत अर्धा किलो! ते विरघळलेलं असेपर्यंत फारसं बिघडत नाही. पण डबा उन्हात ठेवला, पाणी उडालं, की बटणांच्या दांड्यांभोवती आणि स्प्रिंगांखाली मिठाचे खडे बसतात. बटण दाबलं की खडा रिंगेवर घासतो. अॅल्युमिनियमच्या डब्यात स्टीलचा स्क्रू असेल तर खारट ओलाव्यात दोन धातूंमध्ये गंजण्याची क्रिया सुरू होते, आणि अॅल्युमिनियमला पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. म्हणून पहिला नियम असा: बाहेर आल्यावर डबा वाळू द्यायचा नाही. लगेच धुणं शक्य नसेल तर ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवायचा. मग बंद डबा गोड्या पाण्यात अर्धा-एक तास बुडवायचा आणि पाण्याखालीच प्रत्येक बटण पुन्हा पुन्हा दाबायचं, म्हणजे आत शिरलेलं मीठ बाहेर येतं. नुसत्या नळाखाली धरून ते निघत नाही.

मागच्या उन्हाळ्यात भाचा ईदला घरी आला तो डबा ओल्या टॉवेलात गुंडाळूनच. आला आणि आईकडे बादलीभर पाणी मागितलं. त्या आठवड्यात टँकर एकदाच आला होता. माझी आपा एका तांब्यात वजू करणारी बाई. तिने बादली दिली नाही. डबा जेमतेम मावेल असं पातेलं काढलं, त्यात पाच लिटर पाणी ओतलं, अर्ध्या तासाने ते फेकलं आणि पुन्हा पाच लिटर ओतलं. म्हणाली, "भांडी काय एका पाण्यात निघतात होय रे?"

मी नंतर कागदावर हिशेब मांडून पाहिला. डब्याच्या खाचाखोचांत शंभर मिलिलिटर खारं पाणी अडकलंय असं धरा. दहा लिटरच्या एकाच पाण्यात बुडवलं तर खारटपणा सुमारे शंभराव्या हिश्श्यावर येतो. तेच दहा लिटर पाच-पाच करून दोनदा वापरलं तर तो सुमारे अडीच हजाराव्या हिश्श्यावर जातो. पाणी तेवढंच, काम पंचवीस पट. रसायनशास्त्राची मंडळी प्रयोगशाळेत हेच करतात. आपाने ते मोरीत शिकून घेतलं होतं.

तिने आणखी एक गोष्ट केली. पहिलं पाणी बोअरचं आणि दुसरं विकतच्या जारमधलं. आमच्या बोअरचं पाणी जड. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर बसतो, तोच काचेवरही बसतो आणि साध्या पाण्याने निघत नाही. शेवटचा हात हलक्या पाण्याचा हवा, हे तिला स्टीलच्या पेल्यांवरून ठाऊक होतं. वापरलेलं पाणी तिने कढीपत्त्याला घातलं नाही, संडासात ओतलं. खारं पाणी झाडाला सोसत नाही.

बाकीचं काम भाच्याचं. डबा पूर्ण पुसायचा, हात कोरडे करायचे, मगच उघडायचा, तोही झाकण खाली करून, म्हणजे कडेवरचे थेंब कॅमेऱ्यावर पडत नाहीत. रिंग काढायला सुई-टाचणी वापरायची नाही. बोटांनी चिमटीत धरून वर उचलायची. धागे न सुटणाऱ्या कापडाने ती आणि तिची खाच पुसायची. बोट फिरवून चीर आहे का पाहायची. मग सिलिकॉन ग्रीस, तेही नुसती चकाकी येईल इतकंच. ग्रीस पाणी अडवत नाही, रिंग अडवते. जास्त ग्रीस म्हणजे वाळूला आमंत्रण. रिंग कोणत्या पदार्थाची आहे ते पाहूनच ग्रीस घ्यावं लागतं. चुकीच्या ग्रीसने रिंग फुगते. आणि अॅक्रिलिकच्या खिडकीला स्पिरिट लावायचं नाही, तिला बारीक तडे जातात.

मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी तो १६६४ मध्ये बांधायला घेतला. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. तटबंदी कितीही भक्कम असली तरी आत गोडं पाणी नसतं तर तिथे शिबंदी टिकली नसती. विहिरींना दुधा-दह्याची, साखरेची नावं कुणी दिली असतील ते असोत, त्यांना तहान ठाऊक होती.

पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं. तेव्हा भाचा डबे घेऊन जतला येतो. रिंगा काढून वेगळ्या पिशवीत ठेवतो, कारण महिनोन्‌महिने दाबून राहिली तर रिंग चपटी होते. झाकणं सैल ठेवून डबे फडताळात मांडतो. आमची कोरडी हवा त्यांना मानवते. ऑक्टोबरात परत निघताना नव्या रिंगा घालतो. आता मालवणातही तो दोन पाण्यांत डबे धुतो. तिथे नळाला पाणी आहे, तरी पातेलं लहानच घेतो.